खाली सोडलेला पाय

खापर बोटभरच होतं. मिठाच्या वाफ्याच्या, कोंडीच्या, तळाला फुटक्या रांजणांची खापरं बसवलेली असतात, म्हणजे मीठ चिखलाला न लागता पांढरं निघतं. त्यातलं एक खापर एका अंगानं वर आलं होतं. बोंगयोच्या डाव्या पायाचा अंगठा त्याच्यावर घासला. रक्त आलं म्हणावं इतकंही आलं नाही. तिनं ते खापर टाचेनं खाली दाबून बसवलं आणि टोपलीत मीठ भरू लागली.

"लागलं का?" थ्यामहोकनं विचारलं.

"खापराला विचार," ती म्हणाली.

फाल्गुनाचे दिवस होते. वर्षभर मिठागरात काही ना काही चालूच असतं, पण खरं मीठ या तीन महिन्यांत. वारा कोरडा, ऊन कडक, सकाळी कोंडीत सोडलेलं खारं पाणी चौथ्या दिवशी मीठ होऊन खापरांवर बसतं. पावसाच्या आत ते ओढून, वाहून, ढिगावर घालून वरून गवताची शाकारणी करायची असते. थ्यामहोक लाकडी फावड्यानं मीठ ओढायचा, बोंगयो कावडीनं वाहायची. लग्न झाल्यापासून असंच. मुलगी लग्न होऊन डोंगराकडच्या गावी गेली होती. घरात दोघंच, कोंड्यांवरही दोघंच.

कोंडीपासून ढिगापर्यंत तीनशे पावलं. पूर्वी बोंगयो ती एका दमात जायची. गेल्या थंडीपासून ती मध्येच थांबायला लागली. कावड बांधावर टेकवायची, समुद्राकडं तोंड करून उभी राहायची, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागायची. सगळ्यांच्या कावडी तिला ओलांडून पुढं जायच्या. एकदा थ्यामहोक कोंडीतूनच ओरडला, "समुद्र आजच बघतेस काय गं?"

बांधावरची माणसं हसली. शेजारच्या कोंडीवरचा बुटका आ-थो म्हणाला, "बघू दे रे. नवा नवरा निघतोय का बघत असेल त्यातून."

बोंगयोनं कावड उचलली आणि चालू लागली. संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं पोटरी दाखवली. "इथं आवळतं. थांबलं की सोडतं. चाललं की परत आवळतं."

"कामाला लागलं की सगळ्यांच्याच पोटऱ्या आवळतात," थ्यामहोक म्हणाला. हे वाक्य पुढं त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

खापर लागल्याला तीन आठवडे झाले तरी अंगठ्याची जखम भरली नाही. भरायच्या ऐवजी ती खोल झाली. कडा अशा, जणू पोलादी नळीनं ठोकून चामड्याचा गोल तुकडा काढावा. आत मांस लाल नव्हतं, फिकट होतं, वाळत आलेल्या मुळ्यासारखं. पू नाही, पाणी नाही. आणि एवढ्याशा जखमेला दुखणं मात्र पायाएवढं.

आ-थो बघायला आला. त्याच्या स्वतःच्या पायाला चार वर्षांपूर्वी घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली होती, हाताच्या पंजाएवढी. पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखा झालेला, जखमेतून सतत पाणी गळायचं, फडकी भिजायची. बेटावर जपान्यांचं राज्य असताना त्यांच्या इस्पितळात झाडूवाला असलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं होतं: बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी आवळून बांधायची आणि निजताना पाय उशीवर उंच ठेवायचा. चार महिन्यांत जखम भरली. तेव्हापासून गावात पायाचा वैद्य म्हणजे आ-थो.

"मिठाची जखम आहे," त्यानं सांगितलं. "बांध. चांगली आवळून बांध. आणि पाय वर. माझा बघ." त्यानं विजार वर करून बरा झालेला घोटा दाखवला. कातडी तपकिरी पडली होती, पण जखम नव्हती. "मी नाचून दाखवू का?"

"नको," बोंगयो म्हणाली. "मला अजून जगायचंय."

थ्यामहोकनं जुनी चादर फाडून चार बोटं रुंद पट्ट्या केल्या. कोंड्यांवरून आला की आधी पाणी आणायला जायचा. गावात वरच्या विहिरी खाऱ्या, म्हणून बापजाद्यांनी जोडलेले बांबू खोल उतरवून गोडं पाणी वर काढलेलं. आपल्या खोल विहिरीइतकं गोडं पाणी कुणाकडं नाही, असं गावाला वाटायचं. पूर्वी तो दोन घडे आणायचा, आता चार आणू लागला. दोन प्यायला आणि स्वयंपाकाला, दोन जखम धुवायला. पाणी कोमट करायचा, अंगठा धुवायचा, मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी घट्ट ओढत आणायचा. त्याचे हात फावडं ओढणाऱ्याचे होते. बोंगयो दात आवळून भिंतीकडं बघायची.

"घट्ट होतंय?"

"आ-थोला विचार."

मग पाय उशीवर. उशीखाली आणखी एक तांदळाची रिकामी गोणी घडी करून.

दिवसा कसंबसं चालायचं. रात्री झोप लागली की दुखणं जागं व्हायचं. थ्यामहोकला जाग यायची ती तिच्या हलण्यानं. ती बाजेच्या कडेला सरकलेली असायची आणि डावा पाय खाली लोंबत सोडलेला. पावलाला रंग चढलेला असायचा, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. त्याला वाटायचं, रक्त खाली साचतंय. तो उठायचा, पाय दोन्ही हातांनी हळूच उचलायचा, उशीवर ठेवायचा, वर पांघरूण घालायचा. पाय गार लागायचा. मग एका रात्री त्यानं चुलीतले निखारे मडक्यात घालून पायाशी ठेवले.

तो झोपला की पाय पुन्हा खाली यायचा. पुन्हा जाग आली की तो पुन्हा वर ठेवायचा. असं दीड महिना.

मिठाची वाहतूक आता तोच करत होता. सकाळी ओढायचं, दुपारनंतर वाहायचं. निम्म्या कोंड्यांत मीठ ओढायचंच राहिलं. मुकादम बांधावर सायकल उभी करून म्हणाला, "थ्यामहोक, कोंड्या जोडीला दिलेल्या असतात. जोडी नसली तर सांग. माणसं रांगेत आहेत."

"जोडी आहे," थ्यामहोक म्हणाला. "जरा बसलीय."

अंगठ्याचं टोक आधी जांभळं झालं, मग एका सकाळी काळं. ओलं काळं नाही, वाळलेल्या आलुबुखारासारखं. बोंगयोनं ते स्वतः नखानं टोकरून पाहिलं. तिथं आता दुखत नव्हतं. त्याच्या वर दुखत होतं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "हे मिठाचं नाही."

पलीकडच्या मोठ्या गावात पायांचा दवाखाना होता. थ्यामहोकनं बैलगाडी मागून आणली, तिला पेंढ्यावर बसवलं आणि पाय उंच राहावा म्हणून खाली गोणी लावली. गाव मागं पडल्यावर तिनं गोणी ढकलून दिली आणि पाय गाडीच्या कडेवरून खाली सोडला. तो वळला.

"राहू दे," ती म्हणाली. "आज राहू दे."

दवाखान्याच्या ओसरीत बाक होता. त्यावर सात-आठ माणसं बसली होती, बहुतेक मिठागरातली आणि कोळी. कुणाचा पाय गुडघ्यापर्यंत होता, कुणाची बोटं काळी. बायका, पुरुष, कुणी बोलत नव्हतं. थ्यामहोक बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. त्यांच्यापैकी एकाचाही पाय वर घेतलेला नव्हता. सगळ्यांचे खाली सोडलेले होते. शेजारच्या म्हातारीनं बोंगयोला जागा करून दिली आणि विचारलं, "तुलापण रात्रीच ना?"

"रात्रीच," बोंगयो म्हणाली. दोघींची ओळख झाली.

डॉक्टर लू तिशीतला, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्यानं आधी पट्टी सोडली. पोटरीवर पट्टीचे वळ उठले होते. तो वळांकडं बघत राहिला.

"मावशी, चालताना पोटरी आवळायची का? किती पावलांवर?"

"दीडशे."

"थांबलं की बरं?"

"थांबलं की बरं."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

थ्यामहोक खाली बघत होता. त्याला बांधावरचं हसणं ऐकू आलं.

डॉक्टरनं दोन्ही पावलांवरून हाताची पालथी बाजू फिरवली. उजवं कमी गार, डावं जास्त. नडगीवरची कातडी ताणून चकचकीत झालेली, लव गेलेली, नखं जाड आणि वाकडी. त्यानं जखमेच्या कडेला कापूस लावून पाहिलं, कापसाला रक्ताचा डागही आला नाही. दुसऱ्या बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख पांढरंच राहिलं. थ्यामहोकनं मनात आकडे मोजले. सातपर्यंत आल्यावर कुठं फिकट रंग परतला.

मग त्यानं बोंगयोला झोपवलं आणि दोन्ही पाय हातभर वर उचलून धरले. थ्यामहोकच्या डोळ्यांदेखत डावा तळवा मेणबत्तीच्या रंगाचा झाला. बोंगयोनं टेबलाची कड धरली. "पुरे," ती म्हणाली. डॉक्टरनं तिला उठवून पाय खाली सोडायला लावले. उजवा लगेच रंगावर आला. डावा नुसताच लोंबत राहिला, आणि बऱ्याच वेळानं बोटांकडून लाल चढू लागला. तोच उकडलेल्या खेकड्याचा लाल.

"काका, इकडं या. इथं बोटं ठेवा." डॉक्टरनं त्याची दोन बोटं पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत मध्यावर नेऊन ठेवली. "नाडी असते इथं. लागते का?"

थ्यामहोकनं दाबलं. आणखी दाबलं. "लागते की. चालू आहे. चांगली चालू आहे." त्याचा आवाज चढला.

"आता दुसरा हात स्वतःच्या मानेवर ठेवा. इथं, जबड्याखाली."

त्यानं ठेवला. मानेवर ठोका आणि पावलावर ठोका एकदमच पडत होते. मानेवरचा एक, तिथला एक.

"ही तुमची," डॉक्टर म्हणाला. "जोरानं दाबलं की आपल्याच बोटाची नाडी आपल्याला लागते. आमच्या नर्सासुद्धा फसतात. आता हलकं धरा."

त्यानं हलकं धरलं. खाली काही नव्हतं. हाड होतं, गार कातडी होती.

घोट्यामागं काही नव्हतं. गुडघ्यामागं काही नव्हतं. जांघेत मात्र नाडी होती.

"रक्त मांडीपर्यंत येतं, पुढं वाट बुजत आलीय," डॉक्टर म्हणाला.

थ्यामहोकनं आयुष्यभर समुद्राचं पाणी बांधातल्या उघाडीच्या दारातून चारीनं कोंड्यांत घेतलं होतं. "म्हणजे चारी गाळानं भरली," तो म्हणाला.

"तसंच."

"मग गाळ काढा."

डॉक्टरनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. "तो काढायची सोय इथं नाही, काका."

"आणि हे बांधलेलं?" थ्यामहोकनं जमिनीवर पडलेल्या पट्टीकडं बोट केलं. "आमच्यातल्या एकाचा पाय यानंच बरा झाला."

"घोट्याच्या आतल्या बाजूला होती ना जखम? पाय सुजलेला, पाणी गळणारा? पाय वर घेतला की त्याला बरं वाटायचं?"

"हो."

"तो वेगळा. त्याचं रक्त खाली येत होतं, वर परतत नव्हतं. त्याला बांधणं बरोबर. यांचं खाली येतच नाही. जी एक बारीक धार येत होती ती..." डॉक्टर थांबला.

"मी आवळली."

"भर पडली. मूळ त्यात नाही."

"आणि उशीवर ठेवायचो."

डॉक्टरनं जमिनीवरची पट्टी उचलून बाजूला ठेवली.

बोंगयो खिडकीबाहेर बघत होती. "त्याला काय माहीत," ती डॉक्टरला म्हणाली. मग थ्यामहोककडं न बघता म्हणाली, "मी रोज खाली सोडायचे, तू रोज वर ठेवायचास. मला वाटायचं, तुला कळत असेल."

तिनं पाणी मागितलं. डॉक्टरनं विचारलं, घरी पाणी कुठलं. खोल विहिरीचं, थ्यामहोकनं सांगितलं, आणि चांगलं गोडं पाणी असतं हेही सांगितलं. डॉक्टरनं वहीत काहीतरी लिहिलं. "बाहेर बसलेत ते सगळे खोल विहिरीचंच पितात. संशय त्या पाण्यावर आहे, पण पक्कं काही ठाऊक नाही. जमलं तर पावसाचं साठवा."

"आत्ता पाऊस कुठला? आणि वरच्या विहिरीचं तर खारं."

"ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाला.

थ्यामहोकला चार घडे आठवले. दोन प्यायचे, दोन धुवायचे.

गुडघ्याखाली कापायचं ठरलं. काळं वर चढत होतं आणि थांबणार नव्हतं. बोंगयो दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिला मरणाची भीती नव्हती, अर्धवट जाण्याची होती. अंग अख्खं असल्याशिवाय मेल्यावर आईबापांपुढं कसं उभं राहायचं? तिचं नाव बोंगयो. मुलगी नको असताना झाली की त्या मुलखात असं नाव ठेवतात. राहू दे, वाढेल, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आईबापांनी नको असून ठेवलं मला. आता मीच तुकडे करून कशी जाऊ? पाय आपल्या जागेवर पुर. दोघांसाठी ठेवलीय ना जागा, तिथं, माझ्या बाजूला. पुढं जाऊन जागा धरील माझी." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि जोडा घाल. काळा, पोरीच्या लग्नात घातलेला. अनवाणी नको पाठवू."

कापलेला पाय कापडात, त्यावर तेलकट कागदात गुंडाळून दिला. थ्यामहोकनं तो बांबूच्या टोपलीत ठेवला आणि मागून आणलेल्या सायकलच्या मागच्या बाजूला बांधला. मिठाच्या टोपलीपुढं तो काहीच जड नव्हता. वाटेत मिठागरं लागली. त्याच्या कोंड्यांवर दुसरंच एक जोडपं मीठ ओढत होतं. बाई तरुण होती, तीनशे पावलं एका दमात जात होती. त्यानं सायकल थांबवली नाही.

घरी त्यानं पेटीतून काळा जोडा काढला. डावा. पाऊल आक्रसलं होतं, जोडा सैल झाला, म्हणून त्यानं आत पट्टीच्या चादरीचा उरलेला तुकडा कोंबायला घेतला. मग तो तुकडा बाजूला ठेवला आणि कापूस घातला.

आ-थो कुदळ घेऊन आला होता. गावाबाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर दोघांनी खणायला घेतलं. वाळू होती, वेळ लागला नाही. आ-थोनं तळ सपाट केला.

"सपाट नको," थ्यामहोक म्हणाला.

"मग?"

"गुडघ्याकडं उंच. पावलाकडं खोल."

आ-थो त्याच्याकडं बघत राहिला. मग वाकून पावलाच्या बाजूची वाळू उपसू लागला. हातभर खोल गेल्यावर त्यानं विचारलं, "एवढं?"

"अजून थोडं."

ठेवल्यावर आ-थो कुदळीवर टेकून उभा राहिला. त्याची नजर स्वतःच्या घोट्यावर गेली. "बांध म्हणून मी सांगितलं," तो म्हणाला.

"तुझा बरा झाला ना?"

"झाला."

"मग झालं."

थ्यामहोकनं हातानंच वाळू लोटली. दोघं परत निघाले. विहिरीपाशी बाया घडे भरत होत्या. आ-थो सवयीनं पाणी प्यायला थांबला, ओंजळ पुढं केली. थ्यामहोक त्याला काही सांगणार होता. काय सांगायचं आणि मग दुसरं कुठलं पाणी दाखवायचं, हे त्याला सुचलं नाही. आ-थो पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात परतला तेव्हा बोंगयो भिंतीला टेकून बसली होती. रताळ्याच्या किसाची पेज तशीच पडून होती.

"कसा ठेवलास?"

"पाऊल खाली."

"किती?"

"हातभर. वर थोडं आणखी."

तिनं डोळे मिटले. चेहरा जरा सैल झाला. "मग झोप लागेल त्याला," ती म्हणाली. काही वेळानं म्हणाली, "अंगठा अजून दुखतोय. गेलेला."

"त्याला कुणी सांगितलं नसेल."

ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग पांघरुणातून उजवा पाय बाहेर काढून तिनं त्याच्यापुढं केला. "हा बघ ना. सकाळपासून गार वाटतोय. डॉक्टर उद्या येणार म्हणतात."

करंगळीच्या टोकाला एक डाग होता. धूळही असेल. त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं, गेला नाही. मग तिचं पाऊल मांडीवर घेतलं, पुन्हा आठवण होऊन खाली बाजेच्या कडेला सोडलं, आणि स्वतः जमिनीवर बसला. अंगठ्याच्या रेषेत, मध्यावर, दोन बोटं ठेवली. आधी हलकी ठेवली. नंतर दाबली.

"लागते का रे?"

बोटांखाली ठोका पडत होता. चांगला स्वच्छ, एकसारखा.

"लागते," तो म्हणाला.

"नीट बघ."

"लागते म्हटलं ना."

दुसरा हात मानेवर ठेवून पाहायचं राहिलं होतं. तो हात त्यानं मांडीखाली घालून ठेवला आणि तसाच बराच वेळ तिचं पाऊल धरून बसून राहिला.